संध्याकाळचा पाय

विशाखा, भांडण अर्धवट टाकून उठायची तुझी खोड जुनीच. भांडण ऐन रंगात आलं की तू पर्स उचलायचीस, "चल, उद्या बोलू" म्हणायचीस आणि लुनावर बसून चालती व्हायचीस. उरलेलं भांडण मी खिडकीत उभी राहून एकटीच पुरं करायचे. या वेळी मात्र तू कहर केलास. गुरुवारी आपण भांडलो आणि शुक्रवारी सकाळी तुझ्या भावाचा फोन आला. झोपेतच गेली म्हणाला. खरं सांगते, मला आधी राग आला. रडू नंतर आलं.

पेपरात तुझ्याविषयी चार ओळी आल्या आहेत. बालरोगतज्ज्ञ, अमुक साली शिक्षण, तमुक ठिकाणी नोकरी, आणि शेवटी ‘मनमिळाऊ स्वभावाच्या’. मनमिळाऊ! तुझ्या घरी वंदना चालू असताना कुणीतरी तो कागद माझ्या हातात दिला आणि मला हसू फुटलं. पांढऱ्या साड्यांतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तुझ्या आईने तेवढा माझा हात दाबला. तिला ठाऊक होतं. तुझ्याशी रोज तोंडाला तोंड देणारी या भंडाऱ्यात मी एकटीच.

त्या चार ओळींत जिल्हा रुग्णालयातली आपली खोली नव्हती. जिल्हा तुटला, गोंदिया वेगळा झाला आणि दप्तराची निम्मी कपाटं तिकडे गेली, म्हणून ती खोली रिकामी झाली. नाहीतर आपल्याला कोण देणार होतं? तू म्हणालीस, "जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, आपल्याले एक खोली तं भेटली!" भिंतीवर कपाटांचे चौकोनी डाग होते. त्या डागांसमोर आपण एक सतरंजी टाकली, चार खेळणी ठेवली आणि मंगळवार-गुरुवार मुलं तपासायला लागलो. हात थरथरणारी, मान एका बाजूला ओढली जाणारी, टाच न टेकणारी, नको असताना अंग हलणारी, हवं असताना न हलणारी.

तुझी तपासणी बघून नवीन आईबापांना वाटायचं, या बाई काही करतच नाहीत. मूल दारात आलं की तू नुसती बघत बसायचीस. ते चपला कशा काढतं, कुठल्या हाताने आईचा पदर धरतं, बसताना धपकन बसतं की टेकत टेकत. मग स्टीलच्या पेल्यात पाणी भरून त्याच्या हातात द्यायचीस आणि म्हणायचीस, "त्या मावशीले नेऊन दे बरं." ती मावशी म्हणजे मी. पाणी सांडायचं ते माझ्या साडीवर. पेला उचलताना हात थरथरतो की पोचवताना, यावरून तुला काय काय कळायचं. मी ओली होऊन बसायचे.

मूल गेलं की तू व्हरांड्यात त्याच्यासारखी चालून बघायचीस. एक गुडघा आत, एक हात छातीशी, मान तिरपी. शिपाई तोंडाला रुमाल लावून हसायचा. मी म्हणायचे, "बावळट दिसतेस, लोकं पाहतील." तर तू चालता चालताच सांगायचीस, "पुष्पे, असं चाललं का कंबर दुखते. तो पोट्टा कंबर दुखते म्हणे, त्याचं कोणी ऐकलं नाही." मी पडले फिजिओथेरपिस्ट, मला हातात पाय आल्याशिवाय काही समजत नाही. सांधा वाकवून बघायचा, स्नायूचा ताठरपणा अजमावायचा, कोन मोजायचा. तू डोळ्यांची आणि मी हातांची. आपली सगळी भांडणं याच बांधावरची.

शेवटचं भांडण करडी गावच्या समीक्षावरून झालं.

सात वर्षांची, बोलायला चुणचुणीत. दोन्ही पायांचे चवडे टेकत आणि उजवं पाऊल आत वळवत चालायची. कुठल्याशा शिबिरात तिला मेंदूचा पक्षाघात सांगितला होता. लहानपणी ताप आला होता, त्याने झालं, असं घरच्यांनीही मनाशी धरलं होतं. मी तिची टाच दाबून पाहिली तर खाली येईना. सोमवारी नागपूरचे सर्जन शिबिराला येणार होते आणि माझ्याच मोजमापावरून तिचं नाव त्यात गेलं होतं. टाचेमागची शीर थोडी कापून लांब करायची, मग प्लास्टर, मग माझे व्यायाम. गेल्या वर्षी ऐन वेळी पोरगी आजारी पडून संधी हुकली होती. बाप तेव्हापासून एकेक महिना मोजत होता.

आणि मंगळवारी संध्याकाळी तू घरी जाताना बसस्टँडवर थांबलीस. करडीची गाडी चुकली म्हणून पोरगी आणि तिचे आईबाप तिथे बसले होते. सकाळी आपल्या सतरंजीवर चालून दाखवणारी समीक्षा त्या फरशीवर हात टेकून सरकत होती. गुरुवारी तू खोलीत शिरलीस ती पर्स न ठेवताच बोलायला लागलीस.

"पुष्पे, ही पोरगी सकाळची वेगळी अन् संध्याकाळची वेगळी आहे."

"थकली असन ना! दिवसभर स्टँडवर बसून तू बी वाकडीच चालशील."

"ताप आला तवा ती तान्ही होती. त्याच्यानंतर ती वेळेवर चालली, पळली. पाय वाकडा झाला पाचव्या वर्षी. पक्षाघात इतका उशिरा कायले येईल?"

मग तू मला तो आजार सांगितलास. मेंदूत एक रसायन कमी बनतं. झोपेनंतर मूल बरं असतं आणि दिवस कलतो तसा पाय पीळ घेतो. ते रसायन गोळीने दिलं की मूल चालतं. चाकू लागत नाही. कापलं आणि आजार तोच निघाला, तर उगाच पाय खराब करून ठेवू. मी म्हणाले, दुर्मिळ आजार बरे तुलाच सापडतात! पुस्तकात वाचलास की दुसऱ्या दिवशी रांगेत उभा. तू चिडलीस. "सगळी पोरं आपण सकाळी पाहतो. सकाळच्या गाडीनं येतेत, दुपारच्या गाडीनं जातेत. संध्याकाळी त्यायचं काय होते, तुले माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. पण मला त्या बापाचा चेहरा माहीत होता. यंदाही नाही म्हटलं तर तो पुन्हा आपल्या दारात पाऊल ठेवणार नाही, याची मला धास्ती होती. मी म्हणाले, "डॉक्टर आहेस म्हणून तुझा हट्ट म्हणजे निदान होत नाही." तू म्हणालीस, "तू हात लावून पाहून राहिली, अन् पाय तुले फसवून राहिला." मग शेजारच्या खोलीतले लोक ऐकतील इतका आवाज चढला. शेवटी तू पर्स उचललीस. "शनिवारी दुपारच्या गाडीनं करडीले जाऊ. सांज होईपर्यंत बसू. मंग बोल." चहा सांगितला होता, तो तसाच राहिला.

जिन्यात तू कठड्याला धरून थांबली होतीस, हे मी वरून पाहिलं होतं. आधीही दोनदा पाहिलं होतं. विचारलं तर म्हणायचीस, "वय झालं बाप्पा." जगातल्या पोरांच्या पावलाकडे डोळ्यांत तेल घालून बघणारी बाई, आणि स्वतःला धाप लागते ती दिसत नव्हती? याचा राग मला अजून आहे आणि तो जाईल असं वाटत नाही.

करडीला निरोप तू गुरुवारीच धाडला होतास; शनिवारी मी एकटीच गेले. लोक म्हणाले, काल मैत्रीण गेली आणि ही आज गाडीत बसली. बसले. घरी बसून काय करणार होते? आणि खोटं कशाला बोलू, मला तुला चूक ठरवायचं होतं. मेलेल्या माणसाशी भांडण जिंकायला निघालेली मी काही पहिलीच बाई नसेन. शिवाय सोमवार तोंडावर होता. तू गेलीस म्हणून शिबिर थोडंच थांबणार होतं?

करडीत धानाची कापणी चालू होती. घरात समीक्षाची आई दुर्गा तेवढी होती, बाप खळ्यावर होता. तिने पाणी दिलं आणि माझ्या मागे बघत विचारलं, "दुसऱ्या मॅडम कोठी?" मी सांगितलं. ती पदर तोंडावर धरून खालीच बसली. थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाली, "तुमी येणार म्हून पोरीले आताच झोपवलं वो मॅडम."

माझा पारा चढला. "मी तिचं चालणं पाहायला आली, अन् तुम्ही तिले झोपवून ठेवली?"

"झोपून उठली का मस्त चालते ना," ती बिचकून म्हणाली. "दवाखान्यात आणतानी बी मी तिले येष्टीत मांडीवर झोपवूनच आणतो. डाक्टरच्या समोर पोरगी वाकडीतिकडी चालन, तं बरं दिसते का?"

मी तिच्याकडे बघतच राहिले, विशाखा. पाहुणे यायचे म्हटलं की आपण घर सारवतो, लेकराचं तोंड धुतो, बरा फ्रॉक घालतो. तशी ही बाई प्रत्येक तपासणीआधी लेकीला झोपवून, ताजी करून, चांगली दिसेल अशी आपल्यापुढे आणत होती. मायेने आणत होती. आणि आपण त्या झोपून उठलेल्या पोरीचं चालणं तपासत होतो; रांगेत बसून नंबर येईपर्यंत पाय जेवढा पिळायचा, तेवढाच आपल्याला दिसायचा. बसस्टँडवर गाडी चुकली त्या दिवशीच काय ते खरं दिसलं, तेही तुला.

समीक्षा गोधडीवर गाढ झोपली होती. मी शेजारी बसले आणि तिचं उजवं पाऊल हातात घेतलं. आपल्या खोलीत ही टाच खाली ओढताना माझा अंगठा दुखला होता. आता मी दोन बोटं लावली आणि टाच खाली आली. अगदी सहज. पुन्हा केलं, पुन्हा आली. दुसरा पाय पाहिला, तोही तसाच. शीर खरोखर आखडलेली असती तर झोपेतही ती तशीच ताठ राहिली असती, तिला झोप कुठली? परवा आपण याच टाचेवर चाकू चालवू देणार होतो.

आणि आता जरा ऐक. तू नुसतं बघून शंका घेतलीस, पण टाच खाली येते हे हात लावल्यावरच कळलं की नाही? बोल ना. एवढं तरी कबूल करायला थांबायचं होतंस.

ती उठली तेव्हा छान चालली. अंगणभर फिरली, मला कोंबडीची पिल्लं दाखवली. मी ओसरीतच बसून राहिले. ऊन उतरलं. आधी उजव्या पायाचा अंगठा वर झाला. मग पाऊल आत वळलं. ती भिंतीला धरून चालायला लागली आणि सांज झाली तेव्हा खाली बसून हातांवर सरकत माझ्याजवळ आली. ओशाळं हसली. "आता पाय ऐकत नाही," म्हणाली.

तिचा बाप गजानन खळ्यावरून येऊन दारात उभा होता. तो लेकीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"पाहलं तुमी," तो म्हणाला. "मंग आता सोमवारचं आपरेशन नाई होणार?"

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं? तो खाटेवर बसला. "काहून सांगू? सकाळी चांगली चालते म्हटलं, तं तुमी बी म्हणान का पोट्टी नाटक करते. गावात म्हणतेतच. शाळेत बी म्हणतेत. आपरेशनमधून नाव कटलं असतं." मग आवाज चढवून म्हणाला, "पोरगी मोठी होऊन राहिली, मॅडम. मी किती साल कडेवर घेऊ?"

माझ्या जागी तू काहीतरी समजुतीचं बोलली असतीस. मला ते जमत नाही. मी म्हणाले, सोमवारी तिला घेऊन या, सर्जनना मी सगळं सांगते. तो उठला आणि लेकीला कडेवर घेऊन आत गेला.

रविवार कसा गेला विचारू नकोस. तू मला भुताने झपाटल्यासारखं करून गेली होतीस. समजा मी चुकत असले तर? एका झोपेवर आणि एका संध्याकाळवर मी एका पोरीचं वर्ष बुडवायला निघाले होते. नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांचं नाव तू बोलता बोलता घेतलं होतंस एवढंच. त्यांच्याशी काय बोलायचं, गोळी किती, कधी, हे सगळं तू स्वतःच्या डोक्यात घेऊन गेलीस.

सोमवारी गजानन आला. खांद्यावर पिशवी, कडेवर समीक्षा, मागे दुर्गा. सर्जन भला माणूस निघाला. त्यांनी माझं ऐकून घेतलं, टाच पाहिली आणि म्हणाले, एवढी शंका असताना मी कापणार नाही, आधी नागपूरला दाखवा. पुढचं नाव पुकारलं गेलं. गजानन तिथून उठला, बाहेर कडुनिंबाखाली आला आणि पिशवी जमिनीवर आपटली.

"हे बी गेलं! चल दुर्गे, घरी चल. आता कोणाचंच ऐकाचं नाई."

एकदा तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हा तर दोनदा पोळलेला. तो घरी गेला असता तर पुन्हा आला नसता. समीक्षा सरकत मोठी झाली असती आणि ते तुझ्या-माझ्या डोक्यावर राहिलं असतं. मी वाट अडवून उभी राहिले. तो माझ्याकडे रोखून बघत होता.

"खरं सांगा," तो म्हणाला. "त्या मॅडमचं म्हणणं तुमाले पटलं होतं का?"

‘हो’ म्हणणं सोपं होतं. मेलेल्या डॉक्टरणीच्या नावावर माणसं पटकन विश्वास ठेवतात.

"नाही," मी म्हणाले. "आम्ही त्यावरूनच भांडलो. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी. मीच म्हणत होती, आपरेशन करा."

"अन् आता?"

"आता पटलं. शनिवारी तुमच्या ओसरीत पटलं. गोळीनं बरं होईलच असं लिहून नाही देत. पण ती तिकडे गेल्यावर तिच्या बाजूनं भांडाले मीच उरली, म्हणून सांगून राहिली."

दवाखान्याच्या आवारात, सगळ्यांसमोर, मला हुंदका आला. तुझ्या अंत्ययात्रेत मी रडले नव्हते, तिथे रडले. दुर्गाने समीक्षाला नवऱ्याच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं. गजाननने पिशवी उचलून झटकली.

"नागपूरची गाडी कितीची हाय?" त्याने विचारलं.

मी त्यांच्यासोबत गेले. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि हसून म्हणाले, संध्याकाळी बघायचं कुणाला सुचलं? मी तुझं नाव सांगितलं. तू गेलीस हे सांगायला विसरले. खरं म्हणजे विसरले नाही, सांगवेना. त्यांनी गोळीचा बारीकसा तुकडा ठरवून दिला आणि हळूहळू वाढवायला सांगितला. बघू म्हणाले, खात्री कुणीच देत नाही.

तू गेल्यावर आपल्या खोलीत नवे डॉक्टर आलेत. शहाणे आहेत, हळू बोलतात, माझं सगळं ऐकतात. मला अगदी चुकल्यासारखं होतं. एकाही गोष्टीला कुणी ‘काहून’ म्हणत नाही. मी त्यांना सांगितलंय, महिन्यातून एक दिवस आपण दुपारनंतर मुलं बघायची. ते लगेच ‘बरं’ म्हणाले. तू असतीस तर यावरूनही भांडली असतीस, की एक दिवस कशाला, दोन का नाहीत. विशाखा, मी तुझ्यामुळे चांगली फिजिओथेरपिस्ट झाले. हे तुला कधी सांगितलं नाही, कारण तू ते जन्मभर ऐकवत बसली असतीस.

गोळी सुरू होऊन काही आठवडे झाले, म्हणून काल मुद्दाम दुपारची गाडी धरून करडीला गेले. पोचले तेव्हा ऊन कललं होतं. ओसरीत समीक्षा दिसली नाही म्हणून मी आत डोकावले. दुर्गा चुलीपाशी होती. म्हणाली, "आहे तिकडं, तलावाच्या पाळीवर. पोट्ट्यायच्या संगं."

मी अंगणात उभी राहिले. दिवे लागायची वेळ झाली आणि गावातल्या आया पोरांना हाका मारायला लागल्या. या घरून त्या घरून नावं ऐकू येत होती. दुर्गा हात पुसत दारात आली आणि जराशी घुटमळली. "मले हे कधी करावंच नाई लागलं," ती म्हणाली. "ह्या वेळी ती उंबऱ्याजवळच बसली राहे." मग तिने गळा काढून हाक मारली, "समीक्षाऽऽ, ये व माय, सांज झाली!"

पाळीवर पोरं पळत होती. उजेड इतका कमी होता की त्यांतली कोणती आपली, मला ओळखता येईना. कुणाचाच पाय वेगळा दिसत नव्हता.

दुर्गाने दुसरी हाक मारली. मग गजानन बाहेर आला आणि त्याने रागावून तिसरी मारली.

ती आली नाही.